एका तरुण मिशनऱ्याचा आठवडा आणि मराठी ग्रंथ

आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दी स्मरणिकेसाठी मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा माझ्या मनात प्रथम उभा राहिला तो वर्गातील एक प्रसंग. मराठी गद्याच्या उगमाचा भाग शिकवीत असताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उठून विचारले, “सर, ही माणसे आपला धर्म बदलायला आली होती. त्यासाठीच त्यांनी पुस्तके छापली. मग त्यांचे उपकार आपण कशासाठी मानायचे?” प्रश्न सरळ होता आणि त्यात उद्धटपणा नव्हता. तास संपत आला होता म्हणून मी त्या दिवशी दोन वाक्यांत उत्तर दिले. परंतु त्या उत्तराने त्याचेही समाधान झाले नाही आणि माझेही नाही. ते अपुरे राहिलेले उत्तर देण्याचा प्रयत्न मी या लेखात करीत आहे. त्यासाठी पंथ, संस्था आणि तत्त्वे यांचा मोठा पसारा न मांडता एकाच तरुण माणसाचा आठवडा वाचकांपुढे ठेवावा, असे मी ठरविले आहे.

त्या माणसाचे नाव गॉर्डन हॉल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात टॉलंड या गावी १७८४ साली त्यांचा जन्म झाला. विल्यम्स महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अँडोव्हर येथील धर्मविद्यालयात गेले. त्या काळी तेथील तरुणांच्या मनात परदेशी जाऊन धर्मप्रसार करण्याची कल्पना मूळ धरू लागली होती. तीमधून १८१० साली ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था निघाली आणि ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली. हॉल त्यांपैकी एक होते. जाण्यापूर्वी हॉल आणि त्यांचे सहाध्यायी सॅम्युएल न्यूएल यांनी फिलाडेल्फियात काही काळ वैद्यकाचेही शिक्षण घेतले. त्याच फेब्रुवारी महिन्यात फिलाडेल्फियाहून निघालेले हॉल यांचे जहाज ऑगस्टमध्ये कलकत्त्यास पोहोचले.

धर्मासाठी घरदार सोडून दूरदेशी जाणे आपल्याकडे अपरिचित नव्हते. नामदेव महाराज पंजाबात घुमानपर्यंत गेले. महानुभावांचे मठ पंजाबात आणि त्यापलीकडे काबूलपर्यंत पोहोचले. आपल्या भागात जंगम, रामदासी आणि फकीर हे तर नित्याचेच पाहुणे. तथापि एक भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. महानुभावांनी पंजाबात जाताना आपली मराठी बरोबर नेली. तेथील अनुयायी आपल्या पोथ्यांसाठी मराठी शिकले. हॉल यांच्या पंथाचा आग्रह नेमका उलटा होता. धर्मग्रंथ ऐकणाऱ्याच्या भाषेत असला पाहिजे, असे तो पंथ मानीत असे. त्यामुळे भाषा शिकण्याचे ओझे ऐकणाऱ्यावर न पडता सांगणाऱ्यावर पडले. पुढे जे काही घडले त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे. याच आग्रहातून त्यांच्या दोनशे वर्षे आधी गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले होते. १६१६ साली ते छापले गेले, परंतु रोमन लिपीत.

कलकत्त्यास पाऊल ठेवताच या तरुणांना परत जाण्याचा हुकूम मिळाला. कंपनी सरकारला आपल्या मुलखात धर्मप्रसारक नको होते. त्यातच १८१२ च्या जूनमध्ये इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झाल्याने ही मंडळी शत्रुराष्ट्राची ठरली. न्यूएल पती-पत्नी मॉरिशसकडे वळली. तेथे नोव्हेंबर १८१२ मध्ये हॅरिएट न्यूएल वारल्या, तेव्हा त्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. हॉल आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल नॉट मुंबईकडे निघाले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी तेथे उतरले. हॉल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. मुंबईतही त्यांना इंग्लंडला पाठविण्याचा हुकूम पाठोपाठ आला. १८१३ च्या नोव्हेंबरात दोघांनी लपून कोचीन गाठले, पण तेथून त्यांना परत आणण्यात आले. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे मनाने अनुकूल असले तरी वरचा हुकूम मोडण्यास असमर्थ होते. हॉल यांनी त्यांना जी पत्रे लिहिली, त्यांत याचनेपेक्षा सदसद्विवेकाला केलेले आवाहन अधिक होते. अखेर त्यांना राहण्याची मोकळीक मिळाली. १८१३ च्या नव्या सनदेने मिशनऱ्यांना परवान्यानिशी दरवाजा उघडलाच होता. १८१४ साली पत्नीवियोगाचे दुःख घेऊन न्यूएलही मुंबईस येऊन मिळाले. १८१५ मध्ये प्रकृती ढासळल्याने नॉट यांना मायदेशी परतावे लागले.

आता त्यांच्या आठवड्याकडे वळू. हॉल आणि न्यूएल यांची पत्रे व रोजनिशा पाहता एका गोष्टीचे नवल वाटते. ज्या कामासाठी ते आले होते, त्याच्या पूर्वतयारीतच त्यांचा बहुतेक वेळ जात होता. दिवसाचे पहिले मोठे काम म्हणजे पंडितापाशी बसणे. हाती साधने अगदीच तुटपुंजी होती. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साह्याने केलेले व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये निघाला होता. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ चा, म्हणजे हॉल यांच्या मृत्यूनंतरचा. त्यामुळे शब्दाचा अर्थ पाहावयाचा तो पंडिताच्या तोंडून, आणि उच्चार सुधारावयाचा तोही त्याच्याच कानाने. महाविद्यालयाची पदवी घेतलेल्या, व्यासपीठावरून प्रवचन करण्याची सवय असलेल्या तरुणाला पुन्हा धुळाक्षरांपाशी येऊन बसावे लागले. येथे गुरू कोण आणि शिष्य कोण हे रोज सकाळी नव्याने ठरत होते, आणि ते शिकवावयास आलेल्याच्या विरुद्ध ठरत होते.

दोनेक वर्षांत हॉल मराठीतून लोकांशी बोलू लागले. मग भाषांतराचे काम सुरू झाले. मूळ ग्रीक ग्रंथातून शुभवर्तमानाचे मराठी करावयाचे, पंडिताला वाचून दाखवावयाचे, त्याला जे अडेल ते खोडावयाचे आणि पुन्हा लिहावयाचे. हा क्रम आठवड्यामागून आठवडे चालला. अडचण केवळ शब्दांची नव्हती. ‘पाप’, ‘तारण’, ‘कृपा’, ‘देव’ यांपैकी प्रत्येक शब्दामागे आपल्याकडे शतकांचा अर्थ साठलेला. तो शब्द घेतला की त्याचा जुना अर्थही पाठीमागून आत येणार. परक्या कल्पनेसाठी आपला शब्द शोधताना मराठीचा असा कस लागत होता. ज्या पंडितांनी हे श्रम वाहिले, त्यांची नावे त्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आली नाहीत. मराठी गद्याच्या इतिहासातील हे ऋणही आपण स्मरणात ठेवले पाहिजे.

सायंकाळ रस्त्याची. बाजार, देवळांपुढील मोकळी जागा, तलावाचे काठ, जत्रा, जेथे माणसे जमत तेथे हॉल उभे राहून बोलत. कधी पाचपन्नास माणसे ऐकत, कधी चारच. काही वाद घालीत, काही हसून निघून जात. लोकांना हा माणूस कोड्यासारखा वाटला असल्यास नवल नाही. तो गोरा होता, पण कंपनीचा चाकर नव्हता. बोलत होता मराठी, पण सांगत होता भलतेच. हॉल यांनी या बोलण्याचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवला आणि तो हिशेब त्यांच्या दृष्टीने निराशेचाच होता. सुरुवातीची पाच-सहा वर्षे कोणीही बाप्तिस्मा घेतला नाही. १८१९ साली एका मुसलमान गृहस्थाने तो घेतला. त्यानंतरही हॉल यांच्या हयातीत अशांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली.

दिवसाचा आणखी एक भाग शाळांचा. १८१५ साली या मिशनने मुलांसाठी पहिली मराठी शाळा उघडली आणि पुढे मुंबईत व कोकणपट्टीत अशा अनेक शाळा निघाल्या. तेथील शिक्षक बहुतेक ब्राह्मण पंतोजीच असत. काही ठिकाणी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातील मराठी बोलणारे यहुदी, शिक्षक म्हणून नेमले गेले आणि त्या समाजाची मुलेही या शाळांत आली. मिशनऱ्याने शाळा पाहावयाच्या, मुलांचे वाचन ऐकावयाचे, पंतोजींचा पगार द्यावयाचा. ख्रिस्ती धर्मपुस्तक शिकविणारा पंतोजी स्वतः संध्या करून शाळेत येत असे आणि या विसंगतीचे ओझे दोन्ही पक्षांना फारसे वाटत नसे. पालकांना मुलाला लिहिता-वाचता यावयास हवे होते. मुलाने काय वाचावे याची चिंता मिशनऱ्यांना होती. त्याला वाचता यावे एवढ्यानेच पालक संतुष्ट होते. १८२४ साली मुंबईत या मिशनने मुलींची शाळा काढली. १८२७ च्या अखेरीस आलेल्या सिंथिया फॅरार यांनी हे काम वाढविले आणि १८३९ पासून अहमदनगरला नेले. नगरची त्यांची शाळा पाहूनच जोतीराव फुले यांना मुलींच्या शाळेची स्फूर्ती मिळाली, हे सर्वश्रुत आहे.

रविवार हा त्यांच्या धर्माप्रमाणे विश्रांतीचा दिवस. प्रत्यक्षात मात्र तोच सर्वांत दगदगीचा. इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी उपासना, मराठी ऐकणाऱ्यांसाठी प्रवचन, आणि शाळांतील पंतोजी व मुले यांना एकत्र करून केलेले वाचन. १८२३ साली मुंबईत त्यांचे स्वतःचे प्रार्थनामंदिर उभे राहिले, तोवर हे सारे मिळेल त्या जागी चाले. महिन्याच्या पहिल्या सोमवारी विशेष प्रार्थना होई. त्याच दिवशी अमेरिकेतील मंडळ्याही त्याच हेतूने प्रार्थनेस बसत. बोस्टनला लिहिलेले पत्र पोहोचावयास कित्येक महिने लागत आणि उत्तर यावयास तितकेच. अशा वेळी समुद्रापलीकडील आपली माणसे आज आपल्यासाठी बसली आहेत, ही एकच बातमी त्यांना वेळेवर मिळत असे, असे म्हटले तरी चालेल.

या आठवड्यात १८१६ च्या अखेरीस एक नवे काम आले. मुद्रणकलेची माहिती असलेले होरेशियो बार्डवेल मुंबईस आले आणि कलकत्त्याहून छापयंत्र व बालबोध खिळे आणविण्यात आले. १० मार्च १८१७ रोजी आठ पानांच्या एका मराठी धर्मपुस्तिकेच्या दीड हजार प्रती छापून तयार झाल्या. त्यापूर्वी श्रीरामपूरला आणि तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने मराठी छपाई झाली होती. परंतु मराठी मुलखात मराठी पुस्तक नियमाने छापू लागणारा छापखाना हाच. त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान निघाले. तेव्हापासून शनिवार-रविवार सोडला तर कच्ची मुद्रिते तपासणे हा हॉल यांच्या नित्यक्रमाचा भाग झाला असला पाहिजे. योगायोग असा की, आपल्या भागातील सत्पुरुष माणिकप्रभू यांचा जन्मही १८१७ चाच. मराठी, कानडी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत पदे रचणारे प्रभू हुमनाबादेत जी परंपरा सांभाळणार होते, ती कंठातून कंठात जाणारी; मुंबईत जी सुरू झाली ती कागदावरून डोळ्यांत जाणारी. या ग्रंथालयाच्या कपाटांत आज दोन्ही शेजारी बसल्या आहेत.

या कष्टाची किंमत काय पडली तेही सांगितले पाहिजे. न्यूएल १८२१ च्या मे महिन्यात महामारीने गेले. निकोल्स १८२४ मध्ये आणि फ्रॉस्ट १८२५ मध्ये वारले. १८१६ च्या डिसेंबरात हॉल यांनी मार्गारेट लुइस या इंग्रज स्त्रीशी विवाह केला होता. १८२५ साली मुलांच्या प्रकृतीसाठी मार्गारेटबाई दोन मुलांना घेऊन अमेरिकेस निघाल्या. त्यांतील एक मुलगा वाटेतच वारला. हॉल मागे राहिले, कारण नव्या कराराचे भाषांतर पूर्णतेस आले होते. १८२६ च्या मार्चच्या आरंभी ते पुस्तके घेऊन घाटावर नाशिककडे गेले. तेथे महामारी पेटली होती. बरोबरची औषधे आणि पुस्तके वाटून संपल्यावर ते परत फिरले. परतीच्या वाटेवर एका खेड्यातील देवळाच्या आडोशाला त्यांनी रात्र काढली. तेथेच त्यांना महामारीने गाठले आणि २० मार्च १८२६ रोजी ते गेले. तेव्हा त्यांचे वय एक्केचाळीस वर्षांचे होते. बरोबर असलेल्या दोन मुलांनी त्यांना माती दिली. देवळे ओस पडावीत या आशेने आलेल्या माणसाला शेवटचा आसरा देवळानेच दिला. त्याच वर्षी मराठी नवा करार संपूर्ण छापून निघाला.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. हॉल धर्म बदलावयास आले होते, यात शंका नाही. ते स्वतः ती गोष्ट कधी लपवीत नसत. मिशनच्या पुस्तिकांतून आपल्या देवदेवतांवर जी टीका येई, ती पुष्कळदा कठोर आणि काही वेळा अजाणही असे. हे झाकून त्यांचे गोडवे गाणे हा इतिहास नव्हे. पण त्या आठवड्याचा हिशेब पुढे कसा लागला ते पाहावे. रस्त्यावरच्या प्रवचनांचे फळ अत्यल्प निघाले. शाळा, भाषांतर आणि छापखाना ही त्यांच्या मनाने केवळ साधने होती. आम्हांला लाभली ती हीच साधने, आणि ती आम्ही आमच्या कामी लावली.

अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ साली छापील मराठी पंचांग लोकांच्या हाती दिले. शुभवर्तमानासाठी आलेली विद्या तिथी-नक्षत्रांच्या कामी आली. त्याच छापखान्यात बालपणी उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभारला आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध, सुबक आवृत्त्यांनी त्याचे नाव देशभर केले. जॉन विल्सन यांच्याशी १८३१ साली जाहीर वाद करणाऱ्या मोरभट दांडेकरांनी आपला पक्ष छापूनच मांडला. विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालीत, तेव्हा त्यांचे श्रोते छापलेली उत्तरे-प्रत्युत्तरे वाचणारे झाले होते. आणि आपल्या सीमाभागातील बेळगावचे बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले, तेव्हा ख्रिस्ती लेखकाच्या हातून मराठीला तिची पहिली कादंबरी मिळाली आणि हिंदू विधवेचे दुःख तिचा विषय झाले. ज्याने शस्त्र आणले त्याच्याच हाती ते राहिले नाही. म्हणून मला वाटते, उपकार आणि विरोध या दोन गोष्टी एकाच मनात राहू शकतात. त्या राहू देणे हेच सुशिक्षित मनाचे लक्षण आहे. हॉल यांच्या श्रद्धेशी आपले जमले नाही तरी त्यांच्या सकाळच्या अभ्यासाला नमस्कार करण्यास हरकत नसावी.

हा नमस्कार मादन हिप्परग्यात बसून करण्याला माझ्या मनात एक वेगळा अर्थ आहे. पुढे अमेरिकन मराठी मिशन १८६०च्या दशकात सोलापूरपर्यंत आले आणि बीदर-कलबुर्गीकडे मेथडिस्ट मंडळींनी काम केले; पण मला अभिप्रेत आहे तो संबंध त्याहून जवळचा आहे. आपण सारे दुसऱ्याच्या भाषेजवळ राहणारे लोक आहोत. माझी आजी देवापुढे हरिपाठ मराठीत म्हणे आणि दारी आलेल्या जंगमाशी कानडीत बोले. दोन्हींमध्ये तिला कोठे सांधा जाणवत नसे. निजामी अमलात आपल्या आजोबांनी शाळेत उर्दू गिरविली आणि घरी मराठी पोथी वाचली. १९४८ मध्ये निजामी राजवट गेली, १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, आणि आपली मुले कानडी शाळेत जाऊ लागली. ती कानडी उत्तम शिकतात, शिकलीच पाहिजे. त्यात मराठीचे काही उणे होत नाही. उणे होते ते दुसऱ्या कारणाने. घरात बोलली जाणारी भाषा वाचण्यासाठी वेगळा वेळ द्यावा लागतो, ही गोष्ट आपण विसरत चाललो आहोत.

ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदवह्या मी अधूनमधून पाहतो. जुन्या वह्यांत एकेका घरातील तीन-तीन पिढ्यांची नावे आहेत. अलीकडच्या वह्यांत आजोबांचे नाव असते, नातवाचे नसते. त्याला दोष सरकारला देता येईल, शाळेला देता येईल, काळालाही देता येईल. पण दोनशे वर्षांपूर्वी एका परक्या तरुणाने, कोश नसताना, घरच्यांची खबर महिनोन्‌महिने मिळत नसताना, यशाची खात्री तर मुळीच नसताना, आपल्या आठवड्यातील सर्वांत चांगली वेळ आपल्या भाषेसाठी राखून ठेवली होती. त्याला ती वाचवायची नव्हती, तिच्याकडून काम करून घ्यावयाचे होते. तरीही ती राखलेली वेळ आपल्या कामी आली. आपली तर ती मायबोली आहे.

शताब्दीच्या या मंगल प्रसंगी सभासदांना आणि आश्रयदात्यांना माझी एवढीच विनंती आहे की, मोठे संकल्प बाजूला ठेवून आठवड्यातील एक सायंकाळ त्यांनी ग्रंथालयासाठी राखावी आणि येताना घरातील एका मुलाला बरोबर आणावे. तो विद्यार्थी आज स्वतः शिक्षक झाला आहे. हा लेख त्याच्या वाचनात आला, तर त्या दिवशीच्या अर्धवट उत्तराबद्दल तो मला क्षमा करील, अशी आशा आहे.